न बांधल्या जाणाऱ्या वास्तू



या सदरात आपण बहुधा पेढीचे किंवा घराचे प्रश्न चर्चेस घेतो. या वेळचा प्रश्न दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावरचा आहे. तीन वर्षे होत आली; इचलकरंजीहून माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. "दादा, एकदा घरी येऊन जा. मुलीने नोकरी सोडायचे ठरवले आहे," एवढेच ते बोलले. प्रकरण केवळ नोकरीपुरते नाही, हे आवाजावरूनच ध्यानात आले.

स्नेह्यांचे फरशी आणि सॅनिटरी सामानाचे दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी शहाबादी फरशीपासून आरंभ केला; यांनी त्यात टाइल्स, ग्रॅनाइट आणि नळसामानाची भर घातली. मुलगी एकुलती. तिने नाटा परीक्षा दिली, पाच वर्षांचा बी.आर्क. अभ्यासक्रम पूर्ण केला, वास्तुविशारद परिषदेत नाव नोंदवले आणि पुण्यातील एका कार्यालयात तीन वर्षे काम केले. इकडे वडिलांनी दुकानावरचा मजला तिच्यासाठी राखून ठेवला. काचेचे दार बसवले, मोठे टेबल करून घेतले, नकाशांसाठी कपाटे केली. वर नकाशा, खाली फरशी. एकाच जिन्याने गिऱ्हाईक यावे आणि जावे, असा त्यांचा हिशेब होता. व्यापारी माणसाच्या दृष्टीने तो हिशेब मुळीच चुकीचा नव्हता. पण मुलगी म्हणत होती, की तिला व्हिडिओ गेममधील वास्तू घडवायच्या आहेत.

मी गेलो त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. वहिनींनी पाणी दिले आणि त्या आत गेल्या. स्नेह्यांनी टेबलाच्या सुताराचे बिल माझ्यापुढे ठेवले. "पैशाचे दुःख नाही, दादा," ते म्हणाले, "पण पाच वर्षे शिकून जी घरे बांधली जाणारच नाहीत, ती काढत बसायची? आणि स्थळ आले तर काय सांगायचे, मुलगी गेम खेळते?"

या प्रश्नात दोन गैरसमज गुंतलेले होते आणि ते पुष्कळ घरांत आढळतात, म्हणून आधी त्यांचा निरास करतो. गेम म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवर पैसे लावून खेळला जाणारा पत्त्यांचा डाव येतो. तो प्रकार निराळा. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो व्यवसाय चित्रपटनिर्मितीच्या जवळचा आहे: कथा, पात्रे, संगीत आणि देखावा. दुसरा गैरसमज असा, की गेम करणारा दिवसभर गेम खेळत बसतो. मिठाईवाला दिवसभर पेढे खात नाही, एवढेच त्यावर सांगणे पुरे.

या व्यवसायात जो देखावे उभारतो त्याला एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट म्हणतात. खेळाडू ज्या गल्लीतून धावतो, ज्या वाड्यात शिरतो, ज्या जंगलात वाट चुकतो, ती जागा घडवणे हे त्याचे काम. प्रथम साध्या ठोकळ्यांनी जागा मांडतात आणि खेळाडू तिथून कसा चालेल, त्याला पुढची वाट कशी सुचेल, हे पाहतात. मग भिंत, खांब, कमान, पायरी असे सुटे भाग ठरावीक मापांत तयार करतात. त्याच भागांच्या निरनिराळ्या मांडणीतून अख्खी वसाहत उभी राहते. त्यानंतर प्रत्येक पृष्ठभागावर रंग, खरखरीतपणा, ओल, गंज यांचे थर चढतात आणि अखेरीस प्रकाशयोजना होते. साधनांपैकी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून 2002 पासून ते सर्वांसाठी खुले आहे. देखावे ज्यात चालते करतात त्या अनरिअल इंजिनचा उगम 1998 च्या एका गेममध्ये आहे. त्याची पाचवी आवृत्ती 2022 मध्ये आली. शिकणाऱ्याला तेही फुकट मिळते. एखाद्या गेमची विक्री दहा लाख डॉलरपुढे गेली, तरच वरच्या रकमेवर पाच टक्के स्वामित्वधन द्यावे लागते. हे ऐकून आमचे स्नेही प्रथमच सावरून बसले. माल खपल्यावर कमिशन घेणारा पुरवठादार त्यांच्या ओळखीचा होता.

वास्तुविशारदाची विद्या येथे वाया जात नाही. पायरीची उंची किती असावी, छत खाली आले की मनावर दडपण कसे येते, अरुंद बोळातून एकदम चौकात आले की छाती का भरून येते, कोणत्या भिंतीवर भार आहे आणि कोणती नुसती आडोशाची आहे, हे त्याने पाच वर्षे गिरवलेले असते. ज्याला हे ठाऊक नाही त्याची कमान सुंदर दिसते, पण ती हवेत तरंगते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी काहीतरी खोटे आहे हे जाणवते.

तथापि, पुष्कळ काही विसरावेही लागते. वास्तुविशारदाच्या चित्रात इमारत नेहमी नवी कोरी असते; खेळातील इमारतीत माणसे राहून गेलेली असावी लागतात. घरात सात फुटांचे दार पुरते. खेळात पाहणाऱ्याचा डोळा पुष्कळदा पात्राच्या पाठीमागे, खांद्यावरून पाहत असतो, म्हणून दारे, जिने आणि खोल्या खऱ्या मापाहून ऐसपैस ठेवाव्या लागतात. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे काटकसर. नियोजित इमारतीचे एक चित्र तयार करायला संगणकाने तासभर घेतला तरी बिल्डरची तक्रार नसते. खेळात दर सेकंदाला साठ चित्रे उमटवायची असतील, तर एका चित्रास 16.6 मिलिसेकंद मिळतात. त्या अवधीत घरे, झाडे, पात्रे, सावल्या, सगळे बसवायचे. जिथे डोळा जात नाही तिथला तपशील काढून टाकायचा आणि जिथे जातो तिथे तो राखायचा. थोड्या भांडवलात दुकान भरलेले दिसावे अशी मांडणी करणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको.

असा मार्ग धरणारी ती पहिलीच नव्हे. 2016 मध्ये आलेल्या 'द विटनेस' या गेममधील बेट घडवताना जोनाथन ब्लो यांनी वास्तुविशारद आणि भूदृश्यरचनाकार यांना सोबत घेतले होते. 2014 च्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिस आहे. त्यातील नोत्र दाम कॅथेड्रल उभारण्यासाठी कॅरोलिन मियूस या कलावतीने दीर्घकाळ परिश्रम घेतले. त्या कॅथेड्रलवर जो उंच मनोरा दिसतो, तो वस्तुतः एकोणिसाव्या शतकात व्हियोले ल द्यूक यांनी उभारलेला. क्रांतीच्या काळी तो नव्हताच. तरीही त्याच्याविना लोकांना ती वास्तू ओळखू येणार नाही, म्हणून तो ठेवला गेला. खेळातील वास्तू आणि इतिहासातील वास्तू यांत हा भेद राहतो. 15 एप्रिल 2019 रोजी तोच मनोरा आगीत कोसळला, तेव्हा गेमच्या आराखड्यावरून कॅथेड्रल पुन्हा बांधणार अशी वदंता पसरली. कंपनीने तसे काही नसल्याचे स्पष्ट केले. मात्र पुनर्बांधणीसाठी पाच लाख युरो दिले आणि तो गेम आठवडाभर विनामूल्य खुला केला.

आपल्याकडचाही संबंध आहे. 2017 च्या 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' या परदेशी गेमची कथा आपल्या पश्चिम घाटात घडते आणि त्यातील भग्न नगरे होयसळ शिल्पशैलीवर बेतलेली आहेत. हळेबीडची जिनालये आणि तिथले कातीव खांब पाहून आलेल्या वाचकांना ती शैली परकी वाटणार नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 2020 मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला, त्यातील गढ्या आणि हवेल्यांना राजस्थानच्या वास्तुकलेचा आधार आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आहे.

हे सारे मी त्या संध्याकाळी सांगितले. स्नेही ऐकत होते, पण पटल्याचे चिन्ह नव्हते. तेव्हा मुलीने आपला संगणक आणून त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर एका जुन्या घराची ओसरी आणि आतली खोली होती. खिडकीतून तिरपे ऊन येत होते. जमिनीवर चौकटीच्या नक्षीची फरशी होती. स्नेह्यांनी चष्मा चढवला आणि क्षणभराने म्हणाले, "उंबऱ्यातच तुकडा? ही फरशी कोणत्या मिस्त्रीने बसवली?"

मुलगी गोंधळली. ते सांगू लागले. फरशी बसवताना मिस्त्री दारापासून अखंड पीस लावत जातो. कापलेले तुकडे पलीकडच्या भिंतीशी, कपाटाखाली दडवतो, कारण आत येणाऱ्याची पहिली नजर उंबऱ्यापाशी पडते. मग त्यांनी आणखी दाखवले. सगळ्या फरशा एकाच शेडच्या आहेत. खऱ्या घरात दोन लॉटचा माल आला की एक पट्टा किंचित फिकट दिसतो. दारापाशी आणि चुलीपुढे नक्षी झिजलेली हवी. मोरीकडे ढाळ हवा. लोणा भिंतीला खालून वर चढतो, इथे तो मध्येच कसा लागला? ती प्रत्येक गोष्ट टिपून घेत होती. शेवटी म्हणाली, "अण्णा, हे मला कॉलेजात कोणी सांगितले नव्हते."

वाचकहो, त्यामुळे सारे मिटले असे मी लिहिणार नाही. अण्णांचा विरोध मावळला नाही. परंतु मुलगी जे करू पाहते त्यात पारखण्यासारखे काही आहे आणि ते आपल्याला पारखता येते, एवढे त्यांना दिसले. त्यानंतर बोलणे व्यवहाराच्या वाटेने गेले. नवीन शाखा काढताना भागीदार जसे टिपण करतात, तसे आम्ही एका कागदावर टिपण केले. मुदत बारा महिने. संगणक वडिलांनी घ्यावा. तो भांडवली खर्च समजावा, मुलीवर उपकार म्हणून नव्हे. पुण्यातील राहण्याजेवणाचा खर्च तिने स्वतःच्या शिल्लकीतून करावा. दर तीन महिन्यांनी एक देखावा पुरा करावा आणि तो या व्यवसायातील एखाद्या त्रयस्थ जाणकाराला दाखवावा. घरच्यांच्या कौतुकाला गुण नाहीत. वास्तुविशारद परिषदेची नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवावी. आणि शेवटचे कलम वहिनींनी घातले: वर्षभर पाहुण्यांसमोर हा विषय कोणी काढायचा नाही.

एक प्रश्न मात्र कागदावर मावला नाही. अण्णांनी विचारले, "या खेळांत माणसे मारतात ना?" पुष्कळ खेळांत मारतात. मुलीचे उत्तर असे होते, की ती शस्त्रे नाही, जागा घडवणार आहे. आणि कोडी सोडवण्याचे, प्रवासाचे, शेतीचे, नगररचनेचे खेळही असंख्य आहेत. हे खरे आहे. पण नव्याने लागलेल्या कामगाराला कोणत्या खेळाचे काम मिळावे हे तो ठरवत नाही, हेही तितकेच खरे आहे. ती म्हणाली, "काका, निवडण्याइतकी पत आली की निवडीन. तोवर जे मुळीच करणार नाही ते आधी सांगून ठेवीन." पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिने तसे सांगितले, आणि एका ठिकाणी त्यामुळे नकारही पचवला. ज्या घरात किडामुंगीसाठी पाणी गाळले जाते, तिथे हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचे उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे. प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

दहाव्या महिन्यात तिला काम मिळाले. परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी देखाव्यांचे भाग तयार करून देणारी ती कंपनी. वस्त्रनगरीतील वाचकांना हे चटकन समजेल: सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आपण फक्त विणून द्यायचे, असा खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा जो व्यवहार असतो, तोच हा. पगार पुण्यातील जुन्या पगाराहून कमी होता, कारण आठ वर्षांची विद्या असली तरी या दाराशी ती नवखीच होती. पहिले तीन महिने तिने पिंपे, खोकी आणि कठडे केले. मग भिंती आल्या. वर्षाच्या अखेरीस एक संपूर्ण बाजारपेठ तिच्याकडे आली.

आणि चौदाव्या महिन्यात परदेशातील मालकाने तो खेळच गुंडाळला. बाजारपेठ कधी कोणी पाहणार नव्हते आणि तिच्यासह अनेकांची नोकरी गेली. तो काळच मंदीचा होता. 2024 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील 1,900 आणि फेब्रुवारीत सोनीने सुमारे 900 कर्मचारी कमी केल्याचे जाहीर केले होते. मोठ्या गिरण्या थंडावल्या की खर्चीवाल्याचे माग आधी थांबतात. त्यात आज्ञा देताच चित्र काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे सावट. ज्या कुटुंबांना या वाटेचा विचार करायचा आहे त्यांनी ही बाजू पदराआड करू नये. हा व्यवसाय सणासुदीचा आहे. तेजीत माणसे घेतो, मंदीत सोडतो.

त्या पाच महिन्यांत टिपणातील नोंदणीचे कलम कामास आले. तिने पुन्हा एका वास्तुविशारदाकडे अर्धवेळ काम धरले. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. बांधकाम व्यावसायिकही आता ग्राहकाला न बांधलेल्या सदनिकेत फिरवून आणण्यासाठी तेच अनरिअल इंजिन वापरू लागले आहेत. दोन्ही विद्या अवगत असलेला माणूस तिथे दुर्मीळ होता. ते काम तिच्या उपजीविकेला पुरले. दिवसा ती सदनिकांचे देखावे करी आणि रात्री आपला पोर्टफोलिओ नवा करी. सहा महिन्यांपूर्वी तिला एका छोट्या चमूत पुन्हा गेमचे काम मिळाले. हा खेळ एका बुडालेल्या गावाच्या शोधाचा आहे. त्यात मारामारी नाही. तो बाजारात चालेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

ज्या घरी असा प्रश्न उभा राहील त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाचे चार शब्द. आधी मुलाला वा मुलीला विचारा, की जुन्या कामातील काय नको आहे. साइटवरची धूळ, सरकारी मंजुऱ्यांचे हेलपाटे किंवा वरिष्ठांचा जाच यांना कंटाळून निघालेला माणूस नव्या ठिकाणीही लवकरच कंटाळतो. तिथेही मुदती, दुरुस्त्या आणि रात्रीची जागरणे आहेतच. मग विचारा, की गेल्या सहा महिन्यांत कोणी न सांगता काय पुरे केले. अर्धवट राहिलेले दहा देखावे दाखवण्यापेक्षा तडीस नेलेला एक देखावा जास्त बोलतो. महागड्या अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी विनामूल्य साधनांवर तीन महिने काम करून पाहावे. नोकरी लगेच सोडू नये. संध्याकाळच्या वेळात हात किती चालतो ते आधी पारखावे. आणि वडीलधाऱ्यांनी, आपल्याला त्यातले काय कळते असे म्हणून दूर बसू नये. कापडाचा व्यापारी पडद्याची घडी ओळखतो, भांड्यांचा व्यापारी पितळेवरचा हिरवा डाग ओळखतो. ही पारख शाळेत मिळत नाही.

गेल्या महिन्यात मी इचलकरंजीला गेलो होतो. दुकानावरच्या मजल्याला अजून पाटी लावलेली नाही. काचेच्या दाराआड ते मोठे टेबल आहे. मुलगी सुट्टीत आली की तिथे बसते. एरवी तिथे सॅनिटरी सामानाची नवी पत्रके ठेवलेली असतात, आणि अण्णांना ते अजून खुपते, हे त्यांनी लपवले नाही. चहा घेताना त्यांनी मोबाइल काढून मला काही छायाचित्रे दाखवली. एका जुन्या चाळीची पाडापाड चालली होती. तिथल्या जिन्याची मधोमध झिजलेली पायरी, नळाखालचा हिरवट ओघळ, उखडलेल्या फरशीखालचा चुना. "तिला पाठवतो," ते म्हणाले. "परवा तिचा फोन आला, अण्णा, पायरी डावीकडे जास्त का झिजली? मी सांगितले, उजवीकडे भिंत नव्हती, कठडा नव्हता. माणसे भिंतीला धरून चढत असणार."

मग गिऱ्हाईक आले आणि ते खाली गेले.